माळढोकाच्या मुलखात : सोलापूरच्या माळरानावरची भटकंती

नान्नजच्या माळावर माळढोक पाहायला मिळेल अशी आशा धरून आम्ही सोलापूरला निघालो नव्हतो, हे आधीच सांगितलेले बरे. अलीकडच्या प्रगणनांमध्ये तेथे या पक्ष्याची नोंद झालीच तर ती एखाददुसरी असते, आणि पावसाळ्यातील विणीचा हंगाम संपल्यावर तो तसाही दूरवर विखुरतो. ज्या माळाला या पक्ष्याने देशभर नाव मिळवून दिले तेथून तो नाहीसा का होत गेला, आणि त्याच माळावर अजून तग धरून असलेल्या लांडगा, काळवीट, खोकड यांच्यावर तीच वेळ येऊ नये म्हणून तेथील माणसे काय करीत आहेत, हे प्रत्यक्ष पाहावे आणि त्यांच्याच तोंडून ऐकावे, यासाठी हा प्रवास होता.

शुक्रवार : हिप्परग्याचा तलाव

मुंबईहून रात्री निघालेल्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सोलापूर गाठले. स्थानकावर आमचे स्नेही घ्यायला आले होते. ते निवृत्त शिक्षक असून त्यांनी गेल्या कित्येक वर्षांतील सुट्ट्या माळावर घालवल्या आहेत. गावोगावचे लोक त्यांना ‘सर’ म्हणूनच ओळखतात, तेव्हा येथेही मी त्यांना सरच म्हणतो. घरी चहा घेऊन आम्ही लगेच तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याकडे निघालो.

कागदोपत्री एकरूख या नावाने ओळखला जाणारा हा तलाव आदिला नदीवर ब्रिटिश अमदानीत बांधण्यात आला व १८७१ मध्ये पूर्ण झाला. अवर्षणाने गांजलेल्या या भागाला पाणी मिळावे हा त्यामागचा हेतू होता. आज त्याच पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे हे हंस, पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांमुळे दुरूनही ओळखू येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचा एक थवा पलीकडच्या काठावर उन्हात बसलेला होता.

अलीकडच्या काठावर मात्र वेगळे दृश्य होते. बेशरमाच्या झुडपांत नायलॉनचे टाकून दिलेले एक मासेमारीचे जाळे अडकले होते आणि त्यात एक वारकरी पक्षी मरून पडला होता. पाण्यात बुडी मारून वर येताना मान जाळ्याच्या डोळ्यात गुंतली असावी. सरांनी पिशवीतून कात्री काढली, जाळे तुकडे तुकडे करून कापले आणि ते पिशवीत भरून घेतले. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे काठावर राहिलेले जाळे माशांसाठी निकामी झाले तरी पक्ष्यांसाठी वर्षानुवर्षे चालू राहते, असे ते म्हणाले. संक्रांत जवळ आली की याच काठावरच्या झाडांना मांजाही लटकू लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे, तरी तो विकला जातो आणि घारी, बगळे यांचे पंख कापत राहतो.

शनिवार : नान्नज

पहाटे अंधारातच बार्शी रस्त्याला लागलो. उजाडू लागले तशा दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागा दिसू लागल्या. नान्नज हे नाव पक्षीप्रेमींना माळढोकामुळे माहीत असले, तरी शेतकऱ्यांना ते ‘सोनाका’ या द्राक्षाच्या वाणामुळे माहीत आहे, कारण तो वाण येथील नानासाहेब काळे यांनी पुढे आणला. ज्या मुरमाड जमिनीत पूर्वी जेमतेम खरिपाचे पीक निघे, तेथे या बागांनी कुटुंबेच्या कुटुंबे उभी केली. त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या कोणालाही नाही, असे मला वाटते. पण माळढोकाच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. या जिल्ह्यात पाऊस पडतो तो सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यावर ज्वारी, करडई, भुईमूग, हरभरा अशी बुटकी किंवा विरळ पिके येत, त्यांत नाकतोडे आणि भुंगेरे मुबलक असत, आणि ज्वारीचा हंगाम सरला की शेत पुन्हा मोकळे होई. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून आलेली मालदांडी ज्वारी ज्या रानात डुलायची, त्या रानात माळढोक चरायला उतरायचा. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, त्यामागून कालवे, विंधनविहिरी आणि साखर कारखाने आले, आणि उसाने वर्षभर डोक्याच्या वर वाढून नजर अडवायला सुरुवात केली. मीटरभर उंचीच्या, शत्रूला दुरून पाहून सावध होणाऱ्या पक्ष्याला उसात किंवा तारांच्या मांडवाखाली वावरता येत नाही.

अभयारण्याच्या फाटकापाशी वनरक्षक वाट पाहत उभे होते. त्यांच्यामागून पायवाटेने आम्ही गवतात शिरलो.

डिसेंबर अखेरचे ते गवत पूर्ण पिकलेले, गुडघ्याच्या खाली, फिकट सोनेरी होते. त्यात पवन्या आणि मारवेल ही जनावरांना गोड लागणारी गवते होती, मधूनमधून कुसळी होती, आणि तिची कुसळे दहा पावलांतच पायमोज्यांत घुसली होती. दुरून हा माळ ओसाड दिसतो. खाली बसून पाहिले की त्यात किती जिवांचा वावर आहे हे कळते. एका हातावर धान्य साठवणाऱ्या मुंग्यांचे वारूळ होते. तोंडाभोवती मातीच्या पाकळ्यांसारखी कडी रचलेली आणि बाहेरच्या कडेला गवताच्या बियांची टरफले नीट टाकलेली. त्याच्याशेजारी काळविटाच्या लेंड्यांचा ढीग होता. नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो आणि रोज तेथे येतो, त्यामुळे असा ढीग म्हणजे त्या नराची ताजी हजेरी असते. आमच्या पावलांनी उठलेले डोंबारी चंडोल थोड्या अंतरावर जाऊन पुन्हा मातीत दिसेनासे होत होते. समोरच्या उतारावर काळविटांचा कळप चरत होता. माद्या आणि पिल्ले एकत्र, आणि त्यांच्यापासून थोडा वेगळा, मान मागे टाकून चालणारा एक पूर्ण काळा नर.

माळढोकाची मादी याच उघड्या जमिनीवर, कोणतेही घरटे न बांधता, बहुधा एकच अंडे घालते. महिन्याच्या आसपास ती एकटीच ते उबवते. मेंढरांचा पाय पडला, कुत्र्याला वास लागला किंवा ट्रॅक्टर फिरला, की तिचे ते वर्ष बहुधा वाया जाते. अशा संथ गतीने वाढणाऱ्या जातीत एक प्रौढ पक्षी मेला तरी त्याची भरपाई व्हायला वर्षे लागतात. वनरक्षकांनी माळाच्या पलीकडे दिसणाऱ्या वीजवाहिनीकडे बोट दाखवले. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे खूप दिसते पण समोरचे कमी दिसते, आणि पंधरा किलोपर्यंत वजन भरणाऱ्या या पक्ष्याला ऐन वेळी वळताही येत नाही. राजस्थानच्या थर वाळवंटात तारांवर आदळून दरवर्षी सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. संपूर्ण देशात या जातीचे दीडशेहूनही कमी पक्षी उरले असताना हा आकडा वाचला की मन सुन्न होते. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये, सौरऊर्जेची गरज लक्षात घेऊन, तो आदेश बदलून हा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सोलापूरही विजेच्या जाळ्यातील मोठे ठाणे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेकडील राज्यांचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. देशासाठी तो महत्त्वाचा दिवस होता. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावण्याचा खर्च अशा प्रकल्पांच्या तुलनेत फारच थोडा असतो, आणि तो प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला जावा, असे सरांप्रमाणे मलाही ठामपणे वाटते.

सावलीला बसल्यावर येथील जुना इतिहास निघाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे सर्वांचे लक्ष वेधले आणि त्यांच्या रक्षणाचा सतत पाठपुरावा केला. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली गवतासाठी राखलेल्या तुकड्यांत पक्ष्यांना निर्धास्त जागा मिळू लागली, आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. घोटाळा झाला तो आकारात. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरले गेले. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, रस्ते आणि बागायतीही आल्या. माळढोकाने कधी पाऊलही ठेवले नसेल अशा शेताच्या मालकाला जमिनीच्या व्यवहारासाठी परवानगीच्या खेपा घालाव्या लागू लागल्या. ज्याच्या मुलीचे लग्न किंवा घरातले आजारपण जमीन विकण्यावर अडले होते, त्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी प्रेम उरणे शक्यच नव्हते. पुढे दीर्घ प्रक्रियेनंतर हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले, पण मधल्या दशकांत गावे आणि अभयारण्य यांच्यात जी अढी बसली ती अधिसूचना बदलून निघत नाही. मध्य प्रदेशातील करेरा येथेही असेच झाले. अभयारण्य झाले, जमिनींवर निर्बंध आले, लोक दुरावले आणि १९९०च्या दशकात तेथून माळढोक संपला. वन्यजीव वाचवायचे तर ज्यांच्या बांधावर ते राहतात त्यांना आधी विश्वासात घ्यावे लागते, हे करेरा आणि नान्नज या दोन्ही ठिकाणी फार उशिरा उमगले.

दुसरी चूक चांगल्या हेतूने झाली. माळरान म्हणजे पडीक जमीन, तेव्हा तेथे झाडे लावली पाहिजेत, या समजुतीने माळावर सलग समतल चर खोदले गेले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. आपल्या देशातील पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांतही असे माळ मोजले जातात. झाडी वाढली तशी मोकळी नजर गेली आणि गवत विरळ झाले. आता वन विभाग नान्नजला गिरिपुष्प काढून पुन्हा गवत वाढू देत आहे. वृक्षारोपण सर्वत्र पुण्याचेच काम असते असे शाळेपासून ऐकत आलेल्या आपल्या पिढीला हे पचायला जड जाते. मला वाटते, प्रत्येक शाळेच्या वर्गाला वर्षातून एकदा तरी असा माळ दाखवायला हवा.

“पक्षी गेला, आता कशाला राखायचा माळ, असं लोक विचारतात,” वनरक्षक म्हणाले. “पण साहेब, पक्षी गेला म्हणून माळ मोडला तर लांडग्यानं कुठं जायचं? आन् उद्या तिकडं जैसलमेरला वाढवलेले पक्षी आणून सोडायचे म्हटले, तर सोडणार कुठं?”

हा प्रश्न हवेतला नाही. जैसलमेर जिल्ह्यात सम येथे २०१९ पासून माळढोकांचे संवर्धन व प्रजनन केंद्र चालू आहे, पुढे रामदेवरा येथेही काम वाढले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. बंदिस्त जागेत पिल्ले वाढवणे शक्य झाले आहे, पण ती सोडायला कुत्रे, तारा आणि कीटकनाशके यांपासून मुक्त अशी गवताळ जमीन हवी. ती राखलेली असली तरच पुढच्या पिढीला निवड करता येईल.

दुपारी विशेष काही दिसले नाही. संध्याकाळी मात्र आम्ही त्याच उतारावर थांबलो. सूर्य बुडताना कझाकस्तानच्या बाजूच्या गवताळ प्रदेशातून येणारे भोवत्या पक्षी एकेक करून येऊ लागले, गवतावरून अगदी खालून फेऱ्या मारू लागले आणि अंधार पडता पडता जमिनीवर उतरून गवतातच बसले. हे शिकारी पक्षी रात्र झाडावर काढत नाहीत, त्यांना उंच गवतच लागते. माळाला उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून वनमजूर ज्या जाळरेषा काढतात, त्यांचे मोल अशा वेळी कळते.

रविवार : मेंढरांचा वाडा आणि लांडगा

मार्डीच्या पुढे एका धनगर कुटुंबाचा वाडा उतरला होता. काट्यांचे कुंपण, आत बसलेली मेंढरे, बाजूला दोन घोडी आणि तीन दगडांची चूल. सरांची आणि तेथील वृद्ध मेंढपाळांची जुनी ओळख होती. चहाचे आधण ठेवतच मामांनी आम्हांला घोंगडीवर बसवले.

रात्री लांडगा येऊन गेला होता. कुंपणाबाहेरच्या धुळीत त्याच्या पायांचे ठसे सरळ एका रेषेत गेलेले दिसत होते. कुत्र्याचा माग इकडे तिकडे भरकटतो, लांडगा मात्र नेमक्या कामाला निघाल्यासारखा चालतो, हे सरांनी ठशांवरून दाखवले. मी मामांना विचारले, की तुमचे एवढे नुकसान होते, तर लांडगा नको असे वाटत नाही का?

“लांडगा काय आजचा हाय व्हय? माझ्या आज्याच्या बी मागं होता,” ते म्हणाले. “त्यो एक धरतो आन् निघून जातो. त्याचं खाणं हाय ते. पर ही मोकाट कुत्री बगा, खायाची न्हाईत, नुसती फाडून टाकत्यात. आन् नाव हुतंय लांडग्याचं.”

या एका वाक्यात प्रश्नाचा बराच भाग आला. द्वीपकल्पीय भारतात मिळून सुमारे ३,१०० लांडगे असावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, म्हणजे ही संख्या वाघांपेक्षाही कमी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबरच लांडगाही आहे, पण वाघासाठी जसे राखीव प्रकल्प आहेत तसे त्याच्यासाठी फारसे कोठे नाहीत, कारण तो राहतो माळावर, शेताच्या कडेला, माणसांच्या मधोमध. पूर्वी त्याच्या ढोलीत धूर करून पिल्ले मारली जात. आज तसे प्रकार कमी झाले, तरी नवी संकटे आली आहेत. कुक्कुटपालन केंद्रांतील मेलेल्या कोंबड्या आणि गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे यांच्यावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात. त्याच ठिकाणी लांडगेही येतात. कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेम्परसारखे रोग लांडग्यांच्या आणि खोकडांच्या आख्ख्या कुटुंबांत पसरू शकतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेला प्राणी आढळला व जनुकीय तपासणीत तो संकर सिद्ध झाला. गोळी न झाडता, सापळा न लावता एखादी जात अशी विरघळून जाऊ शकते. या धोक्याचा बंदोबस्त बंदूकधारी पहारेकऱ्याला करता येणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीने मेलेली जनावरे खोल पुरण्याची व्यवस्था करणे आणि गावातील कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण नियमित होणे, ही साधी कामे व्हायला हवीत.

मामांच्या नातवाने लांब एका टेकाडाकडे बोट केले. दुर्बिणीतून पाहिले तर एक लांडगा दगडाच्या आडोशाला उन्हात पडला होता. मातकट करडा रंग, लांब पाय, आणि आमच्याकडे लागलेले पिवळसर डोळे. तो उठला नाही, आम्हीही जागचे हललो नाही. जवळच ढोली असण्याची शक्यता होती, कारण हा पिल्लांचा काळ असतो. सरांनी पुढे जायला स्पष्ट नकार दिला आणि मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे पटले. समाजमाध्यमांवर लांडग्याचे छायाचित्र झळकले की पुढच्या रविवारी गाड्या माळावर चढतात, ढोलीपर्यंत चाके जातात, मादी भर दिवसा पिल्ले तोंडात धरून जागा बदलते आणि त्या वाटेवर पिल्ले कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवणाऱ्यांकडून होणारा हा त्रास मला अधिक लाजिरवाणा वाटतो, म्हणून त्या टेकाडाचा ठावठिकाणा मी येथे देत नाही.

परतताना मोठ्या रस्त्यावर एक खोकड गाडीखाली मेलेले दिसले. झुबकेदार शेपटीचे काळे टोक तेवढे शाबूत होते. सरांनी ते उचलून कडेला ठेवले, जागेची नोंद केली आणि छायाचित्र घेतले. अशा नोंदी साठल्या की रस्त्याच्या कोणत्या टप्प्यावर प्राणी ओलांडतात हे दाखवता येते आणि तेथे वेगनियंत्रक किंवा भुयारी मोरी मागता येते.

सोमवार : विहीर

सकाळी निघण्याच्या बेतात असतानाच सरांना एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. विहिरीत काळवीट पडले होते. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर त्यांनी आधीच कळवले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा वनरक्षक, दोन वनमजूर आणि गावातील पाच-सहा जण विहिरीभोवती उभे होते. विहीर दगडी, जुनी, कठडा नसलेली आणि कडेपर्यंत गवत वाढलेली होती. रात्री कुत्र्यांनी पाठलाग केला असावा, कारण कडेची माती खुरांनी उकरली गेली होती. खाली पाण्यालगतच्या दगडी टप्प्यावर एक मादी पोटाखाली पाय घेऊन बसली होती आणि तिची बरगडी जोरजोराने हलत होती.

वनरक्षकांनी प्रथम बघ्यांना मागे सारले आणि मोबाइल खिशात ठेवायला लावले. काळवीट फार भित्रे असते. गोंगाट आणि धरपकड यांच्या ताणानेच, अंगावर एकही जखम नसताना, ते नंतर काही तासांत मरू शकते. मग बाज चार दोरांनी बांधून खाली सोडली. एक वनमजूर कमरेला दोर लावून उतरला. त्याने आधी मादीच्या डोळ्यांवर फडके टाकले, आणि त्याबरोबर तिची धडपड थांबली. मागचे व पुढचे पाय मऊ पंचाने बांधून त्याने तिला बाजेवर घेतले आणि स्वतः तिची मान धरून ठेवली. वरून सगळ्यांनी मिळून, कोणी एक शब्द न बोलता, दोर ओढले. वर आल्यावर तिच्या पुढच्या गुडघ्याला खरचटलेले दिसले, तेथे औषध लावले. माळाच्या कडेला नेऊन आधी पाय सोडले, मग डोळ्यांवरचे फडके. क्षणभर ती उभी राहिली आणि मग उड्या घेत गवतात निघून गेली.

त्यानंतर शेतकऱ्याच्या वस्तीवर बसून झालेले बोलणे मला या साऱ्या प्रवासात सर्वांत मोलाचे वाटते. अण्णांनी आधी आम्हांला हरभऱ्याचे रान दाखवले. घाटे धरण्याच्या वेळी काळविटांनी शेंडे खाल्ले होते आणि बांधाकडचे दोन वाफे जवळजवळ रिकामे होते. ज्या माणसाने पहाटे फोन करून त्या प्राण्याचा जीव वाचवला त्याचेच हे पीक होते. नुकसानभरपाईचा अर्ज केला की पंचनामा होईपर्यंत खाल्लेल्या शेंड्यांना नवे फुटवे येतात आणि नुकसान कागदावर दिसेनासे होते, ही त्यांची तक्रार रास्त होती.

सरांनी विषय विहिरींकडे वळवला. कठडा नसलेली विहीर जशी घातक, तसेच नवे शेततळेही. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यापासून प्लास्टिक अंथरलेली शेततळी गावोगावी झाली. उतार गुळगुळीत असल्यामुळे पाणी प्यायला उतरलेले हरिण, खोकड किंवा कुत्रेसुद्धा वर येऊ शकत नाही आणि पोहून पोहून दमून मरते. मालकाचे पाणी नासते ते वेगळेच. एका बाजूला गाठी मारलेली दोरांची जाळी किंवा जुन्या टायरांच्या पट्ट्या काठापासून तळापर्यंत सोडून ठेवल्या तर पाय रोवायला आधार मिळतो. विहिरीला पूर्ण कठडा परवडत नसेल तर लोखंडी खांब आणि तारेची जाळीही पुरते. काम अवघड नाही, पण कोणत्या विहिरी, कोणाच्या, आणि आधी कोणत्या करायच्या, याची यादी आजवर कोणी केलेली नव्हती.

ती यादी करायला त्याच दुपारी सुरुवात झाली. वनरक्षकांनी वहीत गट क्रमांकांप्रमाणे माळालगतच्या विहिरी लिहून घ्यायला घेतल्या आणि गावकऱ्यांनी एकेक आठवून सांगितल्या. कोणती कोरडी, कोणत्या विहिरीत मागच्या वर्षी लांडगा पडला होता, कोणत्या विहिरीच्या कडेने मुले शाळेला जातात. मुलांचा उल्लेख झाल्यावर ज्यांना प्राण्यांशी देणेघेणे नव्हते तेही जवळ सरकून बसले. माळावरचे गवत पिकून बी पडल्यानंतर कापण्याचा हक्क गावालाच राहावा, अशी मागणी एका तरुणाने केली, आणि वनरक्षकांनी तीही वरिष्ठांकडे कळवण्यासाठी लिहून घेतली. गवत कापून चारा मिळाला तर माळ राखण्यात गावाचा स्वतःचा फायदा राहतो आणि वणव्याची भीतीही कमी होते, म्हणून ही मागणी मान्य व्हावी असे मला मनापासून वाटते.

शेवटी अण्णांनी आपली अट सांगितली. “कठड्याचा निम्मा खर्च मी करतो, मजुरी गावातली पोरं करतील,” ते म्हणाले. “पण पंचनामा आठ दिवसांच्या आत झाला पाहिजे. तेवढं वहीत लिवा, आन् खाली तुमची सही करा.” वनरक्षकांनी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले, सही केली, आणि यादीतल्या पहिल्या विहिरीचे माप घ्यायला टेप मागवली.